त्या थर्मासवर माझा नंबर नाही

मार्च उजाडला की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते उन्हाने. तिला तसं वाटू देतो. भाईंदर पश्चिमेला इमारतींची रांग संपते तिथे, खाडीच्या अंगाला, अजून चार-दोन मिठागरं उरली आहेत. माझी स्कूटर रोज त्या बाजूने जाते. जानेवारीत तिथे नुसतं पाणी असतं आणि पाण्यात उलट्या उभ्या असलेल्या इमारती. मग पाण्यावर साय धरते, वाफ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागतात, आणि एक दिवस बांधावर मिठाची पहिली रास उभी राहते. ती रास दिसली की मला सुहास आठवतो, आणि सुहास आठवला की पोटात जळजळ सुरू होते. डॉक्टरांनी त्यासाठी गोळी दिली आहे. ती दुसऱ्या जळजळीची आहे.

स्पष्टच सांगतो, मला सुहासचा हेवा वाटतो. मत्सर म्हणा, असूया म्हणा, जळणं म्हणा, मराठीत या गोष्टीला शब्द पुष्कळ आहेत आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मी ते सगळे वापरून झालोय. सुहास आणि मी काशीमिऱ्याला, हायवेच्या मागच्या गल्लीत, एका वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करायचो. जोडीदार होतो. तो रत्नागिरीकडचा, वडील गिरणीत होते, नंतर भाईंदरला खोली घेतलेली. मी इथला, आगरी, मिठातला. शेजारशेजारच्या टेबलांवर आठ वर्षं काढली. आता तो फ्रान्समध्ये आहे आणि मी सोसायट्यांच्या जिन्यांना स्टेनलेसची रेलिंग बसवतो.

तो फ्रान्समध्ये जे करतो ते ऐकलं तर तुम्हीही जळाल. तिकडे दक्षिणेत, डोंगराच्या कुशीत, जगातले बरेच देश मिळून एक भट्टी बांधतायत. सूर्याच्या पोटात जे चालतं ते एका भांड्यात करून बघायचं. हायड्रोजनचे कण इतके तापवायचे की ते एकमेकांत मिसळून जातील आणि मिसळताना ऊर्जा बाहेर टाकतील. धूर नाही, कोळसा नाही. पण तसली आग कुठल्याही भिंतीला टेकून चालत नाही, म्हणून चुंबकांनी तिला मधल्यामध्ये अधांतरी धरायचं. ती चुंबकं मात्र बर्फाहून कितीतरी गार ठेवायची. आत सूर्य आणि त्याला खेटून ही थंडी. म्हणून या सगळ्याच्या बाहेरून एक अजस्र स्टेनलेसचं भांडं, आतली हवा काढून घेतलेलं. थर्मासच तो, फक्त दहा मजली इमारतीएवढा. आणि हा थर्मास आपल्या देशाच्या वाट्याला आला. तुकड्या-तुकड्यांनी इकडे घडवून बोटीने तिकडे पाठवला, आणि तिथे ते तुकडे जोडायला इकडचे वेल्डर गेले. त्यात सुहास गेला.

माझे बाबा जन्मभर सूर्याची चाकरी करून गेले. खाडीचं पाणी आगरात, म्हणजे मिठागरात, घ्यायचं, वाफ्या-वाफ्यातून पुढे सरकवायचं आणि बाकी काम उन्हावर सोडायचं. ढग आला की घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आणि हा सुहास, ज्याने उभ्या जन्मात मिठाचं घमेलं उचललं नाही, तो सूर्य ठेवायचं भांडं जोडायला गेला. हे काही बरोबर नाही, असं मला दर मार्चमध्ये नव्याने वाटतं.

तो गेला तेव्हा सुरुवातीला फोटो यायचे. डोक्यावर हेल्मेट, अंगात केशरी जाकीट, मागे ओळीने झेंडे. एका फोटोत डाव्या बाजूला कोरियाचा माणूस, उजव्या बाजूला रशियाची बाई, मध्ये आमचा सुहास, पोट आत ओढून. एकात कोणी जपानी साहेब त्याच्यापुढे वाकून नमस्कार करतोय. आठ वर्षांत मी त्याच्यासमोर कधी वाकलो नव्हतो, आणि त्याच्या रूट रनमध्ये, म्हणजे सांध्याच्या अगदी पहिल्या थरात, किती वेळा भोक राहायचं ते या जपान्याला माहीत नव्हतं. सुहासचं स्टेटस मी रोज बघायचो. पण मी बघितलं हे त्याला कळू नये म्हणून बायकोच्या फोनवरून बघायचो. एकदा तिने विचारलंच.

"एवढं बघायचंय तर फोन करा ना त्याला सरळ."

"कशाला? त्याला वाटेल आपण रिकामे बसलोय."

त्या वेळी मी खरोखर रिकामा बसलेला होतो.

आमच्या आगरात एक रीत होती. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. सात घरांच्या आगरांना मिळून एक उघाडी. मोठं उधाण यायचं त्याच्या आदल्या दिवशी बांधाची डागडुजी, आणि तिथे पैसे चालायचे नाहीत. प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा, जमेल ते सामान आणायचं. कोणी फळ्या, कोणी चिखल वाहायची घमेली, कोणाकडची सगळ्यांसाठी भाकरी आणि सुकटीची चटणी. बाबांचं शेजारच्या आगरवाल्याशी पंधरा वर्षं बोलणं बंद होतं. पाटाच्या पाण्यावरून वाजलेलं. पण बांधावर दोघं रांगेत शेजारीशेजारी उभे असायचे. एकाने घमेलं द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं, आणि दोघांनी दोन दिशांना बघायचं. संध्याकाळपर्यंत बांध उभा. बोलणं नाहीच.

सुहासने एकदा फोनवर सांगितलं, "अरे, इकडे पण तसंच. टीव्हीवर दोन देशांचं भांडण चाललेलं असतं आणि इकडे दोघांची माणसं एका पाइपाची दोन टोकं धरून उभी. प्रत्येकाने आपापला पार्ट बनवून आणायचा. आणि जे शिकायला मिळेल ते सगळ्यांचं." मी म्हटलं, "आमच्या उघाडीवर हेच होतं, त्यात काय नवीन?" तो हसला. मला त्याचं हसणंही महाग वाटलं.

वर्कशॉपमध्ये प्रत्येक वेल्डरचा एक नंबर असतो. सांधा पुरा झाला की त्याच्या बाजूला पोलादी पंचने आपला नंबर ठोकायचा. उद्या सांधा फुटला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. माझा नंबर सत्तेचाळीस, सुहासचा बावन्न. लोकांना हे शिक्षेसारखं वाटतं, पण आमच्यात तोच मान. बाबा मिठाची रास चोपून सारखी केली की तिच्यावर लाकडी छाप मारायचे, कोणी हात घातला तर छाप मोडलेली दिसावी म्हणून. छाप मारून झाल्यावर दोन पावलं मागे सरून ते राशीकडे ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने मी माझ्या सत्तेचाळीसकडे बघायचो. कुठल्या कुठल्या कारखान्यांतल्या टाक्यांवर माझा सत्तेचाळीस अजून असेल. मला तो त्या थर्मासवर हवा होता. एवढंच हवं होतं. फ्रान्स बघायची मला काही हौस नव्हती.

आता त्या मार्चबद्दल.

तिकडे पाठवायच्या वेल्डरांची निवड करणारी माणसं आमच्या वर्कशॉपला येणार म्हणून महिनाभर आधीपासून हवा तापलेली. इथून एकच जण घेणार होते. परीक्षा साधी: स्टेनलेसच्या दोन प्लेटी द्यायच्या, त्या जोडायच्या, मग एक्स-रे. सगळ्यांना माहीत होतं की निवड सुहास आणि मी यांच्यातच होणार. फोरमन दत्ताभाऊ चहा पिता पिता माझ्याकडे बघून म्हणायचे, "हरेशचा हात म्हणजे हात आहे." सुहास तिथेच असायचा. तो मान डोलवायचा. तेव्हा तो हेवा त्याच्याकडे होता. मला तो दिसायचा, आणि खोटं कशाला बोलू, छान वाटायचं.

परीक्षेचा दिवस आणि आमच्या आगरातल्या पहिल्या राशीचा दिवस एकच आला. पहिल्या राशीला थोरल्या मुलाने पहिलं घमेलं टाकायचं, नारळ फोडायचा आणि मूठभर मीठ घरी आणायचं अशी आमच्याकडची रीत. मी पहाटे जाऊन ते केलं. खाडीवर गारवा होता, मिठाचे खडे पायाला टोचत होते, आणि बाबा नारळ फोडताना पुटपुटले ते मला अजून ऐकू येतं, "याचा हात चालू दे." घरी आलो तर आई दारातच उभी. तिने माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. मग त्या नव्या मिठातलं मूठभर एका फडक्यात बांधलं आणि पुरचुंडी माझ्या हत्यारांच्या पिशवीत घातली.

"राहू दे पिशवीत. सगल्यांचे डोले तुझ्या हातावर हायेत. त्या सुहासचे तर पयले."

"आई, स्टेनलेसला मीठ चालत नाही."

"तू काय प्लेटीला मीठ लावून खानार हायेस? पिशवीत राहंल गुपचूप."

स्टेनलेसला मीठ चालत नाही हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. गंज चढू नये म्हणून बनवलेला हा धातू, त्याला मिठाचं एवढं वावडं की स्टेनलेसच्या खोलीत आम्ही वेफर्सचं पाकीटही नेत नसू. घामाचा हात लागला तरी दत्ताभाऊ ओरडायचे. आणि मी, मिठातला माणूस, ज्याला हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं, ती पुरचुंडी घेऊन रिक्षात बसलो.

वर्कशॉपमध्ये पिशवी उघडली तेव्हा माझ्या बोटांना ती लागली. ओलसर लागली. पाण्याची बाटली पाझरली होती. बाहेर जाऊन टाकून यायला तीस पावलं पुरली असती. मी मान वर केली तर सुहास शेजारच्या टेबलावरून माझ्याच हाताकडे बघत होता. मला वाटलं, असू दे. आज असू दे. मी पुरचुंडी पिशवीच्या तळाशी ढकलली, तिला चिकटलेलं माझं पुसायचं फडकं काढलं आणि प्लेटींवरून शेवटचा हात फिरवला. मग टॉर्च पेटवली.

त्या दिवसासारखा सांधा मी पुन्हा केला नाही. एका लयीत हात चालला. एक्स-रेची फिल्म आली ती कोऱ्या पाटीसारखी, एक डाग नाही. सुहासच्या फिल्ममध्ये एक बारीक ठिपका होता, चालण्यासारखा. दत्ताभाऊंनी माझी पाठ थोपटली. प्लेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या, कारण तपासणारे साहेब चार दिवसांनी पुन्हा येणार होते. ते चार दिवस मी फ्रान्समध्येच होतो. बायकोने माझ्यासाठी स्वेटर बघून ठेवला.

पाचव्या दिवशी प्लॅस्टिक उघडलं. माझ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना केशरी ठिपके. बारीक, मोहरीएवढे, फडकं जसं फिरलं तसे ओळीत. दक्षिणेकडचे ते साहेब शांत माणूस होते. त्यांनी चष्मा वर केला, प्लेट उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं.

"वेल्डिंग तो फर्स्ट क्लास है. लेकिन ये सॉल्ट है भाई. वॅक्यूम का काम है, इसमें नहीं चलेगा."

सुहासची प्लेट बाजूला चकचकीत पडली होती.

आणि मग मी ते वाक्य बोललो. बाहेर चहाच्या टपरीवर दत्ताभाऊ विचारत होते, असं कसं झालं रे, तुझ्या प्लेटीला मीठ आलं कुठून? मी पेल्यात बघत म्हटलं, "प्लेट पुसून ठेवली तेव्हा बाजूला कोण उभं होतं ते बघा." बस. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य भाईंदर पूर्वेला सुहासच्या चाळीत पोचलं होतं. तो महिन्याभराने गेला. जाताना पेढे घेऊन माझ्या घरी आला. मी बाथरूममध्ये होतो असं बायकोने त्याला सांगितलं.

पुरचुंडीचं मी कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नंतरच्या वर्षांत तर मला स्वतःलाही अधूनमधून वाटायचं की सुहासनेच काहीतरी केलं असणार. मनुष्य स्वतःचं खोटं किती आवडीने ऐकतो याचा मला चांगला अनुभव आहे. मग वर्कशॉप बंद पडलं, बाबा गेले, आमचं आगर पडीक झालं, आणि मी रेलिंगचं दुकान टाकलं. भाईंदरच्या हवेत मीठच मीठ. सहा महिन्यांत माझ्या रेलिंगवर तेच केशरी ठिपके येतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी फोन करतात, "हरेशभाई, ये स्टेनलेस है के लोहा?" मी जाऊन पॉलिश करून देतो. दरवेळी तो साहेबांचा चष्मा आठवतो.

मध्ये एका वर्षी फोनवर बातमी वाचली. फ्रान्सच्या त्या प्रकल्पात, थर्मासच्या आतल्या एका भागातल्या थंड ठेवणाऱ्या बारीक नळ्यांना चिरा गेल्या म्हणे. कारण काय, तर सांध्यांपाशी राहून गेलेला क्लोराईडचा अंश. म्हणजे आपलं मीठच, दुसऱ्या रूपात. कामाला आधीच उशीर, त्यात आता त्या नळ्या काढून पुन्हा नव्याने करायच्या. मी ती बातमी तीनदा वाचली. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण सांगतो, त्या दिवशी मी घरी जाताना फाफडा-जिलेबी घेऊन गेलो. बायको म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज." जगभरच्या लोकांनी तीस-चाळीस वर्षं डोक्यात घेतलेलं काम अडलं, आणि मी गरम जिलेबी खात होतो.

आठवड्याने सुहासचा फोन आला. मला वाटलं रडगाणं ऐकायला मिळेल. मी मुद्दाम विचारलं, "काय रे, नळ्यांचं कोणावर शेकलं?"

"शेकायला वेळ कोणाला आहे? इकडे चूक सापडली की आधी ती लिहायची आणि सगळ्यांना पाठवायची. सगळ्या देशांना. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पार्टमध्ये तेच असेल तर त्याने बघावं. कोणाची ते नंतर."

"आणि ज्याची असेल तो लिहू देतो?"

"तोच लिहितो पहिल्यांदा. नाही लिहिलं तर चिरा जाणार आहेतच ना कधीतरी."

मी म्हटलं, "रेंज जातेय," आणि फोन ठेवला.

या मार्चमध्ये तो सुट्टीवर आला. दुपारी तीनच्या सुमारास, न सांगता. मी दुकानातून जेवायला घरी आलो होतो, बाथरूममध्ये शिरायची संधी मिळाली नाही. केस पिकलेत, चाल जरा वाकली आहे, आणि हे बघून मला बरं वाटलं. सोफ्यावर बसल्यावर त्याने पिशवीतून एक कापडी पाकीट काढलं आणि आईच्या हातात दिलं. आई आता ऐंशीला टेकली आहे. डोळे अधू, पण जीभ शाबूत.

"काकी, तिकडे समुद्राकडे मिठागरं आहेत. तुमच्यासारखीच. बघितल्यावर तुमचीच आठवण झाली."

आईने पाकीट फोडलं, चिमूट जिभेवर ठेवली, बराच वेळ तोंड हलवलं. आम्ही दोघंही परीक्षेला बसल्यासारखे तिच्याकडे बघत होतो.

"कडू न्हाय. बरा हाय," ती म्हणाली. "पन आपल्यावानी न्हाय." तिचा हेवा निदान सरळ होता.

मी गाडी कामाकडे वळवली. विचारलं, "तुझा बावन्न नंबर किती ठिकाणी ठोकलास त्या थर्मासवर?" हा प्रश्न मी बारा वर्षं साठवून ठेवला होता.

"कुठे ठोकतोय! तिथे पंच मारत नाहीत. धातूवर घाव नको म्हणून. नंबर फक्त कागदावर. सांधा घासून असा सपाट करतात की जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही." तो हसला. "शेवटचा जोड लावला त्या दिवशी हात फिरवून शोधत होतो मी. नाहीच सापडला."

बारा वर्षं मी ज्या आकड्यासाठी जळत होतो तो तिथे नव्हताच. यावर खरं तर माझी जळजळ थांबायला हवी होती. पण तेवढ्यात आई उठली. तिने सुहासने आणलेल्या त्याच मिठातलं मूठभर घेतलं आणि त्याच्यावरून ओवाळायला लागली.

"किती मुलखांच्या मानसांत राहतंस. नजर लागली असंल पोराला."

सुहास मान खाली घालून बसला. आणि ओवाळता ओवाळता आई, जणू हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तशी, बोलून गेली.

"तवा तुझीच नजर लागंल म्हनून मी याच्या पिशवीत मीठ घातलंवतं. परीक्षेच्या दिवशी. पयल्या राशीचं. तरी मेलं काय उपयोगी पडलं न्हाय."

मी जमिनीवरच्या फरशीकडे बघत होतो. आईने मीठ बेसिनमध्ये टाकलं, नळ सोडला आणि आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली. तिच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

सुहासने मिठाचं पाकीट जवळ ओढलं. मग म्हणाला, "माझ्या आईने पण घातलं होतं."

"काय?"

"मीठ. पुरचुंडीत बांधून. तुझी नजर लागू नये म्हणून." तो ओठांतल्या ओठांत हसला. "मी गेटवर टाकलं. गटारात झटकलं, नळावर हात धुतले, फडकं घडी करून खिशात ठेवलं. घरी जाऊन आईला सांगितलं, कामाला आलं तुझं मीठ."

मला काहीतरी म्हणायचं होतं. जे सुचलं ते फार छोटं होतं. मी म्हटलं, "मला माहीत होतं पिशवीत आहे ते."

"हं."

"मी टपरीवर जे बोललो..."

"माहितेय." त्याने पाकिटाचं तोंड नीट दुमडलं, रबर लावलं. "मला काय वाटलं नाही रे. मी तर निघूनच गेलो. पण आई चाळीत होती. शेवटपर्यंत विचारायची, खरं सांग, तू हरेशच्या प्लेटीला हात लावला होतास का? मी नाही म्हणायचो. ती म्हणायची, बरं. आणि पुढच्या फोनला पुन्हा विचारायची."

त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी मयताला गेलो होतो. तो पोचेपर्यंत खांदा द्यायला पुढे मीच होतो, आणि लोक म्हणाले होते, बघा, जोडीदार असावा तर असा.

सुहास चहा पिऊन निघाला. जाताना जिन्याच्या रेलिंगवरून हात फिरवला, सवयीने, जोड शोधत. मीच बसवलेलं रेलिंग. "छान आहे," म्हणाला. खाली पोचल्यावर वर बघून हात केला.

आमच्या जुन्या वर्कशॉपवाल्यांचा एक ग्रुप आहे. सकाळी फुलं, दुपारी विनोद, संध्याकाळी कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. त्या संध्याकाळी मी त्यात लिहिलं: "परीक्षेच्या वेळी माझ्या प्लेटीला लागलेलं मीठ माझ्याच पिशवीतलं होतं. मला ते तेव्हाच माहीत होतं. सुहासचा काही संबंध नव्हता. हरेश, सत्तेचाळीस." तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं. दत्ताभाऊंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कोणी अंगठे दाखवले. सुहासने लिहिलं, "लिहिलंस ते बरं केलंस." एकाने विचारलं, हे आज मधेच कुठून काढलं? मी ग्रुपमधली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. एकोणीस जण होते. सुहासची आई त्यांत कशी असणार?

आज सकाळी पुन्हा मिठागरावरून गेलो. रास मोठी झाली आहे, वर ताडपत्री घातलेली. स्कूटर बाजूला लावून जरा थांबलो. फ्रान्सचा हेवा आता पूर्वीइतका वाटत नाही. झेंड्यांचा, केशरी जाकिटाचा, जपानी साहेबाचा तर नाहीच. तो सूर्य पेटेल तेव्हा पेटेल, बहुधा माझ्या डोळ्यांदेखत पेटणार नाही, आणि पेटला तर त्याचा उजेड आमच्या जिन्यातही येईल. पण त्या सकाळी, माझ्याइतकीच भीती पोटात घेऊन, माझ्याइतकीच नजर माझ्या हातावर ठेवून, सुहास वर्कशॉपच्या गेटपाशी थांबला. पुरचुंडी सोडली, मीठ गटारात झटकलं, नळावर जाऊन हात धुतले. दोन मिनिटांचं काम. त्याचा मला हेवा वाटतो. हा हेवा कुठल्याच मार्चमध्ये जाणार नाही.